कठडा बांधणारी प्रीती

अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील ८ वे वचन शब्बाथ शाळेत सहसा शिकवले जात नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. कठड्यावाचून कोणी पडला तर ती देवाची इच्छा, असे म्हणण्याची सोय नियमशास्त्राने ठेवलेली नाही. आधी दिसणारा धोका टाळणे हा शेजारप्रीतीचाच भाग आहे.

आज हाच प्रश्न मोटारीत बसताना उभा राहतो. तान्हे मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुखरूप, अशी आपली समजूत आहे. पण ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्यासारखा असतो. गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर १० किलोचे मूल धरून ठेवायला सुमारे २०० किलोचे बळ लागेल. ते कोणत्या आईच्या हातांत आहे? येथे प्रीती कमी पडत नाही, हात कमी पडतात. म्हणून मुलासाठी गाडीला पक्के जखडलेले निराळे आसन हवे. तान्ह्याचे डोके जड व मान कोवळी, म्हणून त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी यासाठी कायद्याचा आग्रह धरला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. १९७८ पासून तो अमलात आला. मात्र मूल मोठ्यांच्या कुशीत असल्यास चालेल, अशी सवलत त्यात घुसली होती. ती १९८१ मध्ये काढावी लागली. १९८५ पर्यंत त्या देशातील सर्व राज्यांनी असे कायदे केले.

आता नैतिक प्रश्न असा. किरकोळ अपघातानंतर मूल रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येते. जखम धुतली, पट्टी बांधली. डॉक्टरांचे व परिचारिकांचे काम संपले काय? की मूल गाडीत कसे बसले होते हे विचारावे, आणि घरी परतताना ते कसे बसणार हेही पाहावे? कोणी म्हणेल, आईबाप आधीच खचलेले असतात. त्या वेळी उपदेश करणे निर्दयपणाचे होईल.

ही हरकत हलकी नाही. परंतु लूकच्या १० व्या अध्यायातील शोमरोनी जखमा बांधून थांबला नाही. त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले व पुढच्या खर्चाचीही हमी घेतली. उद्याची काळजी हाही त्याच दयेचा भाग होता. राहिला प्रश्न बोलण्याच्या रीतीचा. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी आंधळ्याविषयी विचारले, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्याला दृष्टी दिली. रुग्णालयातही तसेच व्हावे. “तुम्ही असे का केले?” हे न विचारता “आता घरी जाताना असे करू या” म्हणावे, आसन कसे बांधायचे ते हाताने दाखवावे. दोष देणारा शब्द आईबापांना चिरडतो. वाट दाखवणारा शब्द त्यांना उभे करतो.

दुसरी हरकत विश्वासाची. देव राखणारा आहे, मग पट्टे कशाला? मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूपुढे हाच युक्तिवाद मांडला होता, आणि प्रभूने उडी घेतली नाही. देवावर भरवसा ठेवणे वेगळे, त्याची परीक्षा पाहणे वेगळे.

आपल्या देशात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा मुलांच्या आसनात सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंड ठेवला आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे मोटार नाही, दुचाकी आहे. तिच्यावरील चार वर्षांखालील मुलांसाठी हेल्मेट, बांधणीचा पट्टा व ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला. पण दंडाच्या भीतीने केलेली गोष्ट शिपाई दिसेनासा होताच सुटते. प्रीतीने केलेली टिकते.

आसन महाग असते, हे खरे. मग नव्या बाळाला चांदीची वाटी देण्याऐवजी चार कुटुंबांनी मिळून आसन का देऊ नये? जुने देताना मात्र ते अपघातात सापडलेले नाही याची खात्री करावी. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या दिवशी त्याच्या संगोपनात साहाय्य करण्याचे वचन मंडळी उभी राहून देते. ते वचन उपासना संपल्यावर, मंदिराच्या फाटकाबाहेर बाळ गाडीत बसते तेथेही पाळावयाचे असते.