नाद आणि साद

काशाची वाटी मराठी घराला नवी नाही. डोळ्यांची आग होऊ लागली की तळपायांना तूप चोळून त्यांवर काशाची वाटी फिरविण्याची रीत आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होती. अलीकडे त्याच धातूचे एक भांडे निराळ्या कामासाठी आपल्या काही कुटुंबांत येऊ लागले आहे. ते तळहातावर ठेवायचे आणि त्याच्या कडेवरून लाकडी दांडा सावकाश गोल फिरवायचा. ओले बोट काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरविले असता पेला जसा गातो, तसे हे भांडे गुणगुणू लागते आणि दांडा उचलल्यावरही त्याचा नाद बराच वेळ हवेत रेंगाळतो. 'सिंगिंग बोल' हे त्याचे बाजारातील नाव; आपण त्याला नादपात्र म्हणू. हे पात्र घरात ठेवावे का, त्याच्या नादात डोळे मिटून बसणे ही प्रार्थना होते का, की ते आपल्या श्रद्धेला बाधक आहे, असे प्रश्न श्रद्धावंत आम्हांला विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरेही भीतीने नव्हे, तर विवेकाने दिली पाहिजेत.

प्रथम वस्तूकडे पाहू. नादपात्रे सात धातूंची असतात आणि तिबेटी भिक्षू हजारो वर्षे ती वाजवीत आले आहेत, असे विक्रेते सांगतात. वास्तविक चांगले नादपात्र म्हणजे कासे, सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील. आज विकली जाणारी पुष्कळ पात्रे नेपाळमधील काठमांडूच्या खोऱ्यात कारागीर ठोकून घडवितात. जपानमध्ये बौद्ध घरांतील देव्हाऱ्यापुढे 'रिन' नावाची वाटीच्या आकाराची घंटा वाजविण्याची प्रथा खरीच आहे. परंतु कडेवर दांडा फिरवून ध्यान करण्याच्या पुरातन तिबेटी विधीला भक्कम आधार सापडत नाही. पाश्चात्य जगात या पात्रांना प्रसिद्धी मिळाली ती १९७२ साली निघालेल्या 'तिबेटन बेल्स' या ध्वनिमुद्रिकेपासून. तेव्हा प्राचीन रहस्याच्या मोहाने कोणी भारावून जाऊ नये, तसेच परधर्माच्या धास्तीने कोणी दचकूनही जाऊ नये.

धातूला धर्म नसतो, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा येथील चर्चच्या कित्येक घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहावयास मिळतात. ज्या घंटेने एके काळी ख्रिस्ती भाविकांना प्रार्थनेला बोलाविले, तीच पुढे शिवभक्तांना बोलावू लागली. घंटेचा स्वर बदलला नाही. ऐकणाऱ्याचे हृदय कोणाकडे वळते, एवढेच बदलले.

नादपात्राने मनाला स्वस्थता लाभते, हे आम्ही नाकारीत नाही. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६२ व्यक्तींनी असा नाद ऐकल्यानंतर आपला ताण व थकवा कमी झाल्याचे नोंदविले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. याने आजार बरे होतात असे म्हणण्यास तर मुळीच आधार नाही. तरीही पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्या माणसाने दहा मिनिटे शांत नाद ऐकला, तर त्यात वावगे काय? दमून आलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने एकांतात जाऊन विसावा घेण्यास सांगितले होते. विश्रांती हे परमेश्वराचेच देणे आहे.

परंतु विश्रांती आणि प्रार्थना एक नव्हेत. येथेच सावध राहिले पाहिजे. १९८९ साली ख्रिस्ती ध्यानासंबंधी रोमहून धर्माध्यक्षांना एक पत्र पाठविण्यात आले. पौर्वात्य पद्धती सरसकट टाकून द्या, असे ते पत्र म्हणत नाही. मात्र काही शारीरिक साधनांनी आपोआप येणारी शांतता व सुखद संवेदना म्हणजेच पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन, असे मानणे ही मोठी चूक होय, असा स्पष्ट इशारा ते देते. कारण प्रार्थना ही भेट आहे. भेटीला दोघे लागतात, आणि त्यांतला दुसरा आपल्या मर्जीने चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोघा भावांत वाडीच्या बांधावरून वितुष्ट आले आहे. थोरला रात्री नादपात्र घेऊन बसतो. हळूहळू छातीतील धडधड निवते, कपाळावरची आठी मावळते आणि त्याला गाढ झोप लागते. उद्या रात्री पुन्हा तेच. बांध जेथे होता तेथेच आहे. भावाशी अबोलाही तसाच आहे. आता हाच मनुष्य प्रभूपुढे बसला तर काय होईल? आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करण्यास जा, असे सांगणारा तो प्रभू आहे. तो कदाचित त्याला झोपू देणार नाही. नादपात्र 'ऊठ, भावाच्या दारी जा' असे कधीही सांगत नाही. प्रीती नसलेल्या माणसाला संत पौलाने नुसत्या वाजणाऱ्या धातूची उपमा दिली, ती काही उगीच नव्हे.

मग नादाचा प्रार्थनेशी संबंधच नाही काय? आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी १९७८ सालच्या 'साधना' या ग्रंथात भोवतालचे आवाज लक्षपूर्वक ऐकण्याचे अभ्यास दिले आहेत. आवाज ऐकता ऐकता मन स्थिरावते आणि त्या आवाजांमागील परमेश्वराकडे वळते, अशी ती वाट आहे. नाद हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर पाऊल टेकल्यावाचून घरात जाता येत नाही; पण उंबरठ्यावरच बसून राहणाऱ्याला घर लाभत नाही.

याच निमित्ताने आपण आपल्या उपासनेकडेही पाहावे. पवित्र मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर काही काळ मौन पाळावे, असे मिस्साविधीचे नियम सुचवितात. ते मौन आपल्या देवळांत किती वेळ टिकते? एक गीत संपते न संपते तोच दुसरे सुरू होते आणि मग सूचनांची यादी. आपल्या मुलाला शांततेसाठी धातूचे भांडे विकत घ्यावेसे वाटले, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याला शांतता कोठे मिळाली नाही, हे विचारणे न्यायाचे होईल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, घरी नादपात्र असेल तर ते फेकू नका आणि त्याला देव्हाऱ्यातही बसवू नका. वाजवावेसे वाटले तर अवश्य वाजवा. नाद विरत जाईल तसे त्याच्यामागोमाग मन शांत होऊ द्या. तो पुरता विरला की लगेच पुन्हा दांडा उचलू नका. होरेब पर्वतावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर आलेल्या मंद स्वरात एलिया संदेष्ट्याने परमेश्वराला ओळखले. त्या मौनात प्रभूला विचारा, 'आज मी कोणाकडे जावे अशी तुझी इच्छा आहे?' जे नाव मनात येईल, त्याच्याकडे जा.