शिखर आणि सोबत

अकोले तालुक्यातील बारी गावातून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराकडे जाणारी वाट श्रावणात बहुधा धुक्यात बुडालेली असते. डोंगराच्या सोंडेवरून चढताना दहा पावलांपुढचा सोबती दिसेनासा होतो. कड्यावरील लोखंडी शिड्या ओल्याच असतात. वृद्ध पित्यासह निघालेल्या पुत्राचा खरा प्रश्न अशा शिडीपाशीच उभा राहतो. वडील थकून बसतात आणि म्हणतात, "तू दर्शन घेऊन ये, मी इथे थांबतो." आज्ञा पाळावी, तर ते धुक्यात एकटे पडतात, थांबावे, तर नवस अपुरा राहतो.

महाप्रस्थानिक पर्वात हिमालय चढताना द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक कोसळले, तरी युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहिला. पुढे इंद्राचा रथ आला, तेव्हा मात्र सोबत आलेल्या कुत्र्यास सोडून त्यात बसण्यास त्याने साफ नकार दिला. पहिल्या वर्तनास वैराग्य म्हणतात, असेलही. पण कुत्र्याच्या रूपाने प्रत्यक्ष धर्माने त्याची परीक्षा पाहिली, ती दुसऱ्या प्रसंगी. शिवाय पडलेल्यांसाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. कुत्रा जिवंत होता, विश्वासाने मागे आला होता. शिडीपाशी बसलेल्या वडिलांची गणना यांपैकी कोणात करावी, हे पुत्रास कोणी सांगावे लागू नये.

उरतो नवसाचा धाक. कळसूबाईच्या वाटेवर खालच्या अंगासही देवीचे मंदिर आहे. ज्यांना शिखर गाठवत नाही, ते तेथेच ओटी भरून परततात.