सोडून दिलेल्या वस्तूची किंमत

एखादी वस्तु कितीला पडली असें कोणीं विचारिलें, म्हणजे आपण रुपयांचा आंकडा सांगतों व प्रश्न संपला असें समजतों. अर्थशास्त्राचे शिक्षक पहिल्या कांहीं धड्यांतच विद्यार्थ्याची ही समजूत मोडतात. ते म्हणतात कीं, वस्तूची खरी किंमत रुपयांत नसून तिच्यासाठीं जें सोडावें लागलें त्यांत असते. वाचकहो, हा विचार केवळ शाळेंतील मुलांसाठीं नाहीं. ज्याच्या घरीं धान्य मोजून वापरावें लागतें, त्याला तो शिक्षकाहून अधिक ठाऊक असतो. त्याचें नांव मात्र ठाऊक नसतें.

कणगीच्या तळाशीं ज्वारीचें एकच पोतें उरलें आहे असें समजा. तें विकून मुलीच्या शाळेचा खर्च भागवितां येईल. तें ठेवून आषाढांत पोट भरतां येईल. किंवा घरच्या लग्नांत तें पाहुण्यांच्या पानांत वाढतां येईल. पोतें लग्नांत गेलें, तर त्या जेवणावळीची किंमत कोणती? पोत्याचा बाजारभाव नव्हे. शाळा आणि आषाढांतील भाकरी या दोहोंची बेरीजहि नव्हे, कारण एकाच पोत्यानें दोन्ही कामें झालींच नसतीं. दोहोंपैकीं जें त्या घराला अधिक मोलाचें होतें, तेवढीच ती किंमत. हिला संधि-खर्च असें म्हणतात. ऑस्ट्रियांतील अर्थशास्त्री फ्रीडरिश फोन व्हीझर यांच्या लेखनांतून हा विचार विशेष पुढें आला. त्यांचा मोठा ग्रंथ १९१४ सालीं निघाला. फुकट मिळालेल्या वस्तूलाहि ही किंमत असते, हें यांतील मर्म आहे. आणि खेड्यांत सर्वांत फुकट मानिलेली वस्तु म्हणजे विहिरीचें पाणी.

त्या पाण्याचाच हिशेब करूं. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाणी उभें राहिलें, तर तें एक लिटर भरतें. महाराष्ट्रांत उसाला वाढीच्या काळांत सुमारें २,००० मिलिमीटर पाणी लागतें असें धरितात. पाटानें मोकळें सोडिलें तर याहूनहि अधिक. म्हणजे एकरीं ८० लाख लिटर झालें. यांतील अर्धें पावसानें दिलें असें उदारपणें धरिलें, तरी ४० लाख लिटर विहिरींतून किंवा कालव्यांतून यावयाचें. आतां लातूर आठवा. तो जिल्हाहि उसाचा व साखर कारखान्यांचा. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूर शहराला पिण्यास पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. एका एकर उसाला पावसाशिवाय जें पाणी द्यावें लागतें, तें अशा आठ गाड्या भरतें. तेंच पाणी दोन-तीन पाळ्यांवर येणाऱ्या रब्बी ज्वारीला दिलें असतें, तर कित्येक एकर ज्वारी भिजली असती.

या हिशेबांत कोणाला चूक आढळली, तर ती मोजून दाखवितां येते. ठिबकानें पाणी वांचतें, भारी काळ्या जमिनींत ओल टिकते, अशा दुरुस्त्या त्यांत करितां येतात. मोजमापानें ज्यांचा निकाल लागूं शकतो अशा विधानांस वास्तविक विधानें म्हणतात. 'ऊस लावूं नये' हें विधान या जातीचें नाहीं. तें काय आहे हें सांगत नाहीं; काय असावें हें सांगतें. अशा विधानांस आदर्शवादी विधानें असें नांव आहे. अर्थशास्त्रांत हा भेद जॉन नेव्हिल केन्स या इंग्रज पंडितानें आपल्या १८९१ सालच्या ग्रंथांत नीट मांडिला. त्याच्याहि दीडशें वर्षें आधीं, १७४० सालीं, स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानें तक्रारच केली होती कीं, नीतीवर लिहिणारे लोक 'आहे' आणि 'नाहीं' असें बोलतां बोलतां एकाएकीं 'असावें' आणि 'नसावें' असें बोलूं लागतात, व ही उडी कशाच्या बळावर मारिली तें सांगत नाहींत.

ग्रामसभेंत ही उडी नेहमींची आहे. एक जण उठून म्हणतो, उसाला पाणी फार लागतें, म्हणून ऊस बंद करा. दुसरा म्हणतो, उसाला पैसा चांगला येतो, म्हणून ऊसच लावा. दोघांचेंहि पहिलें वाक्य खरें आहे. परंतु त्यांतून दुसरें वाक्य निघत नाहीं. मध्यें एक वाक्य गिळलेलें आहे. एकाचें गिळलेलें वाक्य असें कीं, कोणाच्याहि पिकाआधीं सर्वांच्या घशाला पाणी मिळावें. दुसऱ्याचें असें कीं, ज्याच्या जमिनीखालीं पाणी सांपडलें, त्यानें तें हवें तसें वापरावें. खरें भांडण या दोन वाक्यांचें आहे, आणि नेमकीं तींच सभेंत कोणी उच्चारीत नाहीं. सर्व जण आंकड्यांवर भांडतात, कारण आंकड्यामागें उभें राहिलें म्हणजे आपलें मत उघडें पडत नाहीं. मंडळीच्या पंचांच्या बैठकींतहि असेंच चालतें. जो हिशेबाची वही उघडून बोलतो, त्याच्या मताला कोणी मत म्हणत नाहीं.

ऊसवाल्याला लोभी म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. उसाचा किमान दर केंद्र सरकार दरवर्षीं ठरवितें, आणि तो देणें कारखान्यावर कायद्यानें बंधनकारक आहे. पैसे कधीं कधीं रखडतात, तरी पीक घेणारा कोणी भेटेल कीं नाहीं ही चिंता सहसा नसते. ज्वारीलाहि आधारभूत किंमत जाहीर होते. पण त्या किंमतीला घेणारा सुगीच्या वेळीं दारीं येईलच असें नाहीं. कांदा व टोमॅटो यांची तर गोष्टच काढूं नये. अंगावर कर्ज असलेला मनुष्य ऊस सोडतो, तेव्हां तो रात्रीची झोप सोडतो. त्याच्या बाजूनें पाहिलें, तर त्याचा संधि-खर्च फार मोठा आहे आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. तो बरोबर असूनहि गांव कोरडें पडतें.

असें कां व्हावें? ज्वारीच्या पोत्याची निवड करणारें घर आणि तिची किंमत भोगणारें घर एकच होतें. पाण्यांत निवड एकाची व किंमत दुसऱ्याची होते. खोल विंधनविहिरीवरची मोटार चालूं लागली, म्हणजे शेजारच्या उथळ आडाचें पाणी खालीं जातें. मग ज्या बाईला हंडा घेऊन कोसभर चालावें लागतें, तिचे दोन तास उसाच्या खर्चांत कोणी मांडीत नाहीं. त्या दोन तासांत तिनें मजुरी केली असती, मुलाला जवळ घेतलें असतें, किंवा नुसती पाठ टेकली असती. याची नोंद तर कोणत्याच वहींत नाहीं. कायद्याचें लक्षहि तिच्याकडे नव्हतें. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें आपल्या हद्दींतील जमिनीखालचें पाणी काढून वापरण्याचा मालकाचा हक्क मानिला. ज्याला जमीनच नाहीं, त्याला त्या हक्कांत वांटा कोठून असणार? कायदा असा आहे, हें एक विधान. तो योग्य आहे, हें दुसरें. पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि हीं दोन विधानें एकच समजतात.

गिळलेलें वाक्य मोठ्यानें बोलून पाहण्याचा एक प्रयत्न पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांत झाला. १९७२ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर माळजमीन खंडानें घेतली, पावसाचें पाणी अडविलें, मुरविलें व त्यावर पिकें काढिलीं. त्या अनुभवांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम असा कीं, पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, माणसांच्या संख्येनें द्यावयाचें: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. भूमिहीनासहि त्यांत वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. ऊस व त्यासारखीं फार पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनीं स्वतः भरावयाचा.

अर्धा एकरच कां, पाऊण कां नाहीं, याचें उत्तर मोजमापानें देतां येईल. विहिरींत पाणी किती आणि माणसें किती, एवढें पाहिलें म्हणजे झालें. माणशीं कां, एकरीं कां नाहीं, याचें उत्तर कोणतेंहि माप देत नाहीं. तें सभासदांनीं ठरविलें, आणि ठरविलें असें उघड म्हटलें, हें आम्हांस या योजनेंत सर्वांत मोलाचें वाटतें. एकरीं वांटणी केली असती तर एकूण धान्य अधिक पिकलें असतें, असें कोणी म्हणेल. कदाचित् पिकलें असतें. तें मोजून पाहतां येईल. पण धान्य अधिक पिकावें कीं अधिक घरांत पिकावें, हा प्रश्न मोजणी संपल्यावरहि तसाच उभा राहतो.

मोठ्या शेतकऱ्याला या नियमाची किंमत पडते, हेंहि लपवूं नये. ज्याच्यापाशीं वीस एकर आहेत, त्याचे अडीच भिजतात व बाकीचे पावसावर राहतात. माझ्या साडेसतरा एकरांचें काय, असें तो विचारील. हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून झटकून टाकणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. त्यानें सोडलेलें तेंहि खरोखरच सोडलेलें आहे. 'तुझें नुकसान झालेंच नाहीं' हें उत्तर खोटें होईल. तुझें नुकसान इतकें, भूमिहीनाच्या घरीं पिकणाऱ्या अर्ध्या एकराचें मोल इतकें, आणि आम्ही हें दुसरें अमुक कारणानें निवडीत आहों, असें त्याला सभेंत, त्यालाहि बोलावयास देऊन सांगितलें पाहिजे. पाणी सोडण्यासाठीं नेमलेल्या पाटकऱ्याला हाच प्रश्न बांधावर दर पाळीला विचारला जाईल. तेथें एकट्यानें उभें राहून देतां येईल असें उत्तर सभेनें त्याच्यासाठीं आधीं तयार ठेविलेलें बरें.