न बघता केलेली सही

दोस्तांनो, मी गिरणीतला. माझा साचा बिघडला तर तो एकटा थांबतो. खाणीत तसं नाही. जमिनीखाली डिझेलचा लोडर अरुंद वाटेत बंद पडला की मागच्यांची वाट अडते. इंजिनाची निगा चुकली तर धूर सगळ्यांच्या छातीत. उतारावर ब्रेक सुटला तर समोर माणूसच.

म्हणून पाळीच्या आधी ब्रेक बघायचा, धडधाकट मशीनही ठरल्या तासांनी थांबवायचं. पण टनांचा हिशेब म्हणतो, चालतंय ना, चालू दे! फिटर न बघता सही ठोकतो. पाप कुणाचं? भिऊन सही करणाऱ्याचं थोडं; मशीन थांबवायचा हक्क त्याला न देणाऱ्याचं जास्त.

मजूरमंत्री असताना बाबासाहेब १९४३ साली धनबादला खाणीत स्वतः उतरले. आधी बघितलं. आपण चळवळीतले तरी न बघता सही का करतो?