सॉसेजचा वाटा

इटलीत बेर्तोल्दो नावाच्या शेतकऱ्याची एक गोष्ट चारशे वर्षं सांगितली जाते आहे. बोलोन्याजवळच्या एका लोहाराच्या घरात जन्मलेल्या ज्यूलिओ चेझारे क्रोचे या कथेकऱ्याने ती 1606 मध्ये छापली. बेर्तोल्दो दिसायला ओबडधोबड आणि जिभेचा तिखट. लोम्बार्ड राजा आल्बोइनोच्या दरबारात तो हजरजबाबीपणाच्या जोरावर जागा मिळवतो. राजा त्याला ठेवून घेतो, राजवाड्यातली पक्वान्नं खाऊ घालतो आणि तिथेच घात होतो. ती पक्वान्नं त्याला सोसत नाहीत. आजारी पडल्यावर तो कांदा घालून शिजवलेले घेवड्याचे दाणे आणि राखेत भाजलेले सलगम मागतो. वैद्यांना हा रोगी उमगत नाही. ते दरबारी औषधं देत राहतात आणि बेर्तोल्दो मरतो.

हसावं म्हणूनच ही गोष्ट लिहिली आहे, पण तिच्यात डंख आहे. गरिबाला जाडंभरडंच पचतं, त्याचं पोटच तसं घडलेलं असतं, असं त्या काळचं वैद्यक ठामपणे मानत असे. सृष्टीत प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. आकाशात उडणारे पक्षी उमरावांसाठी. मातीत आणि मातीलगत वाढणारे कांदे, सलगम, कडधान्यं कष्टकऱ्यांसाठी. शेतकऱ्याच्या ताटात तीतर का नाही, तर म्हणे तो त्याला मानवत नाही! ज्यांच्या ताटात तीतर होता त्यांना हा युक्तिवाद किती सोयीचा होता, हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या पोटाला काय 'चालतं' हे दुसऱ्यांनीच ठरवल्याची उदाहरणं शोधायला आपल्यालाही फार लांब जावं लागत नाही.

पालेभाजी, बीन्स आणि सॉसेज एकत्र शिजवलेले इटालियन पदार्थ आज जगभरच्या हॉटेलांत 'कुचिना पोव्हेरा', म्हणजे गरिबांचा स्वयंपाक, या नावाने मिरवतात, तेव्हा मला बेर्तोल्दो आठवतो. नाव कौतुकाचं आहे, पण पोट भरलेल्यांनी मागाहून दिलेलं आहे. ज्या बायकांनी तो रोज रांधला त्यांच्या लेखी तो नुसता स्वयंपाक होता, आणि कुठला जिन्नस किती घालायचा हे पुष्कळदा त्यांच्या हातात नव्हतं. या पदार्थांची सगळी खुमारी प्रमाणात आहे. ते प्रमाण कुठून आलं याचा विसर पडला की चवही बिघडते, असं माझं म्हणणं आहे.

आधी बीन्स. आन्नीबाले कार्राच्ची हा क्रोचेच्या काळातला बोलोन्याचाच चित्रकार. 1580च्या दशकात त्याने रंगवलेलं 'बीन्स खाणारा' हे चित्र रोमच्या कोलोन्ना गॅलरीत आहे. गवताची हॅट घातलेला मजूर, तोंडाशी थबकलेला लाकडी चमचा, त्यातून ठिबकणारा रस. समोर पाव, कांद्याची पात, वाइन आणि वाडगाभर काळ्या डोळ्याचे दाणे. ही आपली चवळीच. अमेरिकेतून नवा घेवडा येण्याआधी इटलीत चवळी, बाकला, हरभरा आणि मसूर यांचंच राज्य होतं, आणि उंब्रियात त्रासिमेनो तळ्याच्या काठी बारीक चवळी आजही पिकते. उंबेर्तो एको यांनी 1999 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलेल्या लेखात या कडधान्यांना फार मोठा मान दिला. दहाव्या शतकापासून युरोपात कडधान्यांची लागवड वाढली, त्यातून कष्टकऱ्यांना प्रथिनं मिळाली, माणसं काटक झाली, जास्त जगली, लोकसंख्या वाढली. कडधान्यं नसती तर युरोपीय संस्कृतीच टिकली नसती, इथवर एको जातात. कादंबरीकाराला एवढी अतिशयोक्ती माफ असावी.

नवा घेवडा आला तो मात्र थाटात. पोप सातवे क्लेमेंट यांनी 1530च्या सुमारास बेल्लुनोचा विद्वान पिएरियो वालेरियानो याच्याकडे त्याचं बियाणं दिलं आणि वालेरियानोने डोंगरउतारावर ते लावलं, असं सांगितलं जातं. पोपच्या हातून आलेलं हे बी दोनतीन पिढ्यांत शेतकऱ्याच्या मडक्यात जाऊन पडलं. मका किंवा टोमॅटोसारखी त्याला ओळख पटवून द्यावी लागली नाही. चवळीच्या जागी ते बसलं आणि चवळीपेक्षा जास्त पिकलं. आजचे कान्नेल्लिनी आणि बोर्लोत्ती हे त्याच जातीचे, आणि आपला राजमा, श्रावणघेवडा, कोरेगावचा वाघ्या घेवडा हेही. बोर्लोत्ती आणि वाघ्या शेजारी ठेवले तर अंगावरच्या पट्ट्यांवरून कुणीही नातं ओळखेल.

पालेभाजीची गोष्ट नेपल्सची. मॅकरोनी खाणारे म्हणून जग ज्यांना ओळखतं त्या नेपल्सच्या लोकांना त्याआधी पानं खाणारे म्हणून चिडवत. एमिलिओ सेरेनी या इतिहासकाराने 1958 मध्ये यावरच एक मोठा निबंध लिहिला. त्याचं सांगणं उलटं आणि म्हणून मोलाचं आहे. पानं खाणारा नेपल्सकर नुसती पानं खात नव्हता. कोबीवर्गातल्या भाज्या तो डुकराच्या हाडामांसाबरोबर शिजवत असे. सतराव्या शतकात स्पॅनिश अमलाखाली शहर फुगलं, मांस पुरेना, आणि नेमक्या त्याच सुमारास शेवया काढणाऱ्या यंत्राने पास्ता स्वस्त केला. मग भाजी आणि मांस मागे पडून पास्ता आणि चीज पुढे आलं. म्हणजे ज्याला आज आपण गरिबांचं जेवण म्हणतो ते, त्याच्या जागी जे आलं त्याहून सकस होतं! आजही नेपल्समध्ये फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी सॉसेजबरोबरच खातात. तिची जात सलगमचीच, आणि आपल्या सरसोंचीही ती जवळची. तोस्कानात काव्होलो नेरो हा काळपट हिरव्या, लांब पानांचा कोबी. त्यावर हिवाळ्यातलं गोठलेलं दहिवर पडून गेलं की पानांत साखर वाढते आणि तो गोडसर होतो.

राहिलं सॉसेज, आणि खरा हिशेब इथे आहे. तोस्काना आणि आसपासच्या भागात शेकडो वर्षं मेद्झाद्रिया नावाची वाट्याची शेती चालली. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाने, आणि पीक निम्मं निम्मं. शिवाय ठरल्या वेळी कोंबड्या, अंडी मालकाच्या वाड्यावर पोचवायची. असे नवे करार करायला कायद्याने बंदी आली ती 1964 मध्ये. म्हणजे हा काही दंतकथेतला काळ नाही. कुळाच्या घरी डुक्कर कापलं जाई ते कडाक्याच्या थंडीत. उंब्रियातल्या नोर्चा गावचे कसबी खाटीक हिवाळाभर त्यासाठी गावोगाव फिरत. एका जनावराचं मांस, चरबी आणि रक्त वर्षभर पुरवायचं. मोठे तुकडे विकायला किंवा द्यायला जात. उरलेल्या कापातून, मीठ-मिरी-लसूण घालून सॉसेज होई. दक्षिणेत त्यात रानबडीशेप आणि लाल मिरची. छताला टांगलेल्या त्या माळेतलं एखादं सॉसेज आठ माणसांच्या हंड्यात पडायचं. हंडा भरायचा तो बीन्सनी आणि पाल्याने. सॉसेज होतं तोंडी लावण्यापुरतं.

आणि तेवढं पुरे होई, याचं कारण शिजवण्याच्या रीतीत आहे. सॉसेज आधी मंद आचेवर परततात. चरबी सुटते, तळाला तपकिरी खरपुडी धरते. त्या चरबीत लसूण, मग पाला. पाल्याचा कडवटपणा मिठाने दबतो आणि चरबीने गोलावतो. काढून टाकायचा मात्र नाही, कारण कडू गेलं की पदार्थ मिळमिळीत होतो. शेवटी बीन्स आणि त्यांचं शिजवलेलं पाणी. हे पाणी फेकणाऱ्याला मी स्वयंपाकघरात उभं करणार नाही. त्यात उतरलेलं पीठच चरबी आणि पाण्याचा मेळ घालतं आणि रस दाट करतं. बीन्सना स्वतःची चव बेताची. हंड्यात जे असेल ते त्या ओढून घेतात. त्यामुळे एका सॉसेजची चव चमच्याचमच्यात पोचते. उरलेल्यात शिळा पाव घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलं की तोस्कानाचं रिबोल्लिता. टोमॅटो घालायचाच असेल तर दाणे मऊ झाल्यावर, नाहीतर आंबटपणामुळे ते टणक राहतात. तोस्कानात ऋषिपत्ता, म्हणजे सेज, घातल्याशिवाय बीन्स शिजवत नाहीत.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की गरिबी म्हणजे उत्तम आहारशास्त्र. तसं नव्हतं. ज्यांना पाला-बीन्स-सॉसेज मिळत होतं ते गरिबांतले बरे. उत्तरेत व्हेनेतो आणि लोम्बार्दीत शेतमजुरांच्या ताटात हिवाळाभर फक्त मक्याचं पिठलं, पोलेंता. अमेरिकेतून मका आला, पण मेक्सिकोतले लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवत, ती रीत बरोबर आली नाही. त्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागेना. कातडी सोलवटायची, हगवण लागायची, शेवटी वेड. मिलानचा वैद्य फ्रान्चेस्को फ्रापोल्ली याने 1771 मध्ये या रोगाला पेलाग्रा हे नाव दिलं. 1881च्या सरकारी मोजणीत त्याचे लाखाहून अधिक रोगी इटलीत निघाले. हंड्यात मूठभर बीन्स आणि आठवड्याला थोडं मांस पडलं असतं तर ते वाचले असते. आणि हा फक्त तिथला मामला नव्हे. जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा आढळतो हे हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. भाकरीबरोबरचं वरण आणि पाला गेला की काय होतं, याचा तो दाखला आहे. म्हणून 'साधं जेवण किती छान' असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कितपत साधं?

1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक दक्षिणेतले. तिथे मांस स्वस्त आणि रोजचं. हंडा तोच राहिला, पण आतलं प्रमाण फिरलं. सॉसेज पुढे आलं, पाला आणि बीन्स कडेला गेले. यात मला त्यांची चूक दिसत नाही. ज्याच्या बापाने वर्षाला एकच डुक्कर कापून निम्मं दुसऱ्याला दिलं, त्याने रोज सॉसेज खाल्लं तर त्याला कोण नावं ठेवील? गावी जे जमीनदार खात ते अमेरिकेत आपण खायचं, एवढा साधा त्यामागचा विचार. 'इटालियन सॉसेज' म्हणवायचं तर त्यात बडीशेप किंवा तिच्यासारख्याच वासाचं अॅनिस असलंच पाहिजे, असं अमेरिकेच्या सरकारी नियमातच आता लिहिलेलं आहे. इटलीत मात्र गावागणिक मसाला बदलतो.

त्यांचं प्रमाण फिरलं त्याला कारण होतं. आपल्याकडे मॉलमधल्या इटालियन हॉटेलात त्याच पदार्थाच्या नावाखाली पाच सॉसेजं, दहा बीन्स आणि शोभेला दोन पानं येतात, त्याला मात्र काही कारण नाही. वर मेनूत 'गरिबांचं जेवण' असं छापून त्याचे आठशे रुपये लावायचे, हा बेर्तोल्दोचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. पहिल्या वेळी त्याचं पोट हलकं ठरवलं, आता त्याची गरिबीच विकायला काढली.

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांनी चार माणसांना पाव किलो सुके बीन्स, अर्धा किलो पाला आणि दीडशे ग्रॅम सॉसेज घ्यावं. त्यापुढे जाऊ नये. गोव्यात चोरिस घालून चवळी किंवा राजमा शिजवणाऱ्यांना हे प्रमाण नवं नाही. तिथली फेजोआद पोर्तुगीज वाटेने आलेली याच कुळातली, फक्त चोरिसमधलं व्हिनेगर आणि मिरची चढी असते म्हणून ते आणखी बेताने. डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी हळहळू नये. शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या उपवासांत इटलीतही हा हंडा मांसाविनाच चढत असे. लसूण, ऋषिपत्ता आणि वरून कच्चं ऑलिव्ह तेल यांवर भागे. कान्नेल्लिनी महाग वाटले तर वाघ्या घेवडा आणा. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मंद आचेवर ठेवा, कारण घेवड्याच्या कच्च्या दाण्यातलं विष नुसत्या मंद आचेने मरत नाही.