फळ्यावरची रेघ

एका गावात एक दूध संस्था होती. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. सचिव माप घ्यायचा, बाटलीत नमुना काढायचा, त्यात तेजाब घालून यंत्रात फिरवायचा आणि फॅट वहीत लिहायचा. त्या फॅटनुसार दर दहा दिवसांनी बिल मिळायचं.

एके दिवशी चेअरमननी नवं मशीन आणलं. नमुन्यात नळी बुडवली, की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कळायची.

लोकांना ते रुचलं नाही. चेअरमननी सभा घेऊन मशीनचे फायदे सांगितले. दूध घटलं. मग त्यांनी नोटीस लावली. दूध आणखी घटलं, आणि पलीकडे दूध घेणाऱ्या खासगी टेम्पोपाशी रांग वाढली. शेवटी चेअरमन चिडून म्हणाले, "आता बाहेर दूध घालणाऱ्यांची आगाऊ उचल बंद!"

बैठकीत गावचे निवृत्त गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "चेअरमन, दाराला आतून कडी असली की ढकलून दार मोडतं, उघडत नाही. जरा खडू द्या."

दर लिहायच्या फळ्यावर त्यांनी मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे बदल पुढे रेटणाऱ्या गोष्टी, उजवीकडे त्याला अडवणाऱ्या. डावी बाजू लगेच भरली: वेळ वाचतो, तेजाबाने भाजण्याची भीती नाही, हिशेब चोख. उजवीकडे चेअरमननी एकच शब्द लिहिला, 'अडाणीपणा'.

गुरुजींनी तो पुसला. "ही बाजू आपण भरायची नाही. जे अडलेत, त्यांना विचारायचं."

दुसऱ्या दिवशी गुरुजी पलीकडे टेम्पोपाशी जाऊन उभे राहिले. रांगेतल्या आक्का म्हणाल्या, "गुरुजी, मशीनचं तोंड सचिवाकडं. माझ्या म्हशीला काय फॅट लागली, मला कसं दिसावं?" एकाने खिशातून चुरगळलेली पावती काढली. ती सगळी इंग्रजीत होती. तिसरा म्हणाला, "आधी शंका आली तर 'पुन्हा बघा' म्हणता यायचं. आता मशीन म्हणेल ते खरं." मशीनच नको, असं कोणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी फळ्याच्या उजव्या बाजूला तीन ओळी लिहिल्या गेल्या. चेअरमन त्या बराच वेळ वाचत राहिले.

मग मशीनचा पडदा खिडकीकडे वळवला. पावती मराठीत निघू लागली. ज्याला शंका असेल, त्याचा नमुना त्याच्यासमोर जुन्या पद्धतीने तपासून मिळू लागला. सुरुवातीला पुष्कळांनी तपासून घेतला, पुढे कोणी विचारेना. आक्का खिडकीत वाकून स्वतः वाचायच्या, "सहा पॉइंट आठ!" टेम्पोची रांग ओसरली. उचल कोणाचीच बंद करावी लागली नाही.

ही रेघ गुरुजींच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४०च्या दशकात ही मांडणी केली. नुसता रेटा वाढवला तर ताण वाढतो, अडसर काढले तर बदल कमी ताणात होतो, असं त्यांचं सांगणं होतं. घर असो, शाळा असो की कचेरी, बदल अडला की आपला हात आधी डाव्या बाजूकडे जातो. तो आवरा. उजवी बाजू भरा, आणि ती अडलेल्यांकडूनच भरून घ्या.