ड्यूसनबर्ग आणि महेश्वरचे माग

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आज आमच्या नगर जिल्ह्याला आहे. त्यांच्याच गादीवर पुढे बसलेल्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेतली ड्यूसनबर्ग एसजे मागवली. ही दोन नावे शेजारी आली की आपल्याकडे निकाल लगेच लागतो : एकीने घाट बांधले, दुसऱ्याने मोटारींवर पैसा उडवला. हा निकाल मला घाईचा वाटतो. त्यात यशवंतरावांवर अन्याय होतोच, पण अहिल्याबाईंच्या कामातली एक मोठी गोष्टही नजरेआड होते.

आधी गाडीबद्दल. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसनबर्ग हे जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत गेलेले भाऊ. सायकली आणि शर्यतीच्या गाड्या बनवत ते स्वतःच यंत्रविद्या शिकले. 1921 साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. 1926 मध्ये कंपनी ई. एल. कॉर्ड यांच्या ताब्यात गेली आणि 1928 च्या डिसेंबरात 'मॉडेल जे' लोकांसमोर आले : एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, सुमारे 6.9 लिटरचे इंजिन, 265 अश्वशक्ती. सुपरचार्जर बसवलेल्या 'एसजे'ची ताकद 320. कंपनी इंजिन बसवलेली चासी देई. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. होळकरांच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली. चासी भली लांब, बसायला जागा मात्र मोजक्याच माणसांपुरती.

या गाडीच्या डॅशबोर्डमधली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. साठ-ऐंशी मैल झाले की एक पंप चासीच्या सांध्यांना आपोआप वंगण पुरवी. सातशे मैलांनी इंजिनचे ऑइल बदला म्हणून एक दिवा लागे, चौदाशे मैलांनी बॅटरीतले पाणी बघा म्हणून दुसरा. ज्या काळात गाडीची दुखणी ड्रायव्हरच्या कानांवर सोपवलेली असत, त्या काळात हे केले गेले. पण दिवा लागला तरी बोनेट उघडणारा माणूस लागतोच, आणि तो त्या यंत्राचा जाणकार असावा लागतो.

यशवंतराव रसिक होते, आणि ती रसिकता उसनी नव्हती. 1926 साली वयाच्या सतराव्या वर्षी ते गादीवर आले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. ब्रांकुशीची 'बर्ड इन स्पेस' ही शिल्पे घेतली. त्या शिल्पांसाठी एक मंदिर उभारायचे म्हणून ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. पुढे दोन शिल्पे ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात गेली, माणिकबागेतले फर्निचर 1980 साली मोनॅकोत लिलावात निघाले, राजवाड्यात केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आले. ड्यूसनबर्गही अमेरिकेतल्या संग्राहकांकडे परतली.

संस्थानाचा पैसा शेवटी रयतेच्या साऱ्यातून येतो, ही हरकत मोठी आहे आणि मी ती मान्य करतो. अहिल्याबाईंनी आपला दानधर्म दौलतीच्या तिजोरीतून न करता खासगीच्या उत्पन्नातून केला, हा फरक कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही. पण दान विरुद्ध चैन एवढ्यावरच थांबले, तर महेश्वरची साडी कुठे ठेवायची? तीही चैनीचीच वस्तू. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले ते दरबारच्या बायकांसाठी आणि पाहुण्यांना द्यायच्या आहेरासाठी उंची कापड विणायला. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी साड्यांच्या काठांत उतरली. राजघराण्याची हौस गावाची विद्या झाली.

ती विद्या इतकी मुरली, की पार मोडकळीला आली तेव्हाही तिला पुन्हा उभे करता आले. ते ज्यांनी केले ते यशवंतरावांचेच चिरंजीव रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी महेश्वरात रेहवा सोसायटी काढली. माग जुने झाले होते, गिऱ्हाईक तुटले होते, पण हात गावात होते. आजोबा-पणजोबांकडून आलेला ताणा कसा लावायचा हे माहीत असलेली माणसे होती. ड्यूसनबर्गच्या बाबतीत असे काहीच नव्हते. चासी अमेरिकेतून आली, बॉडी लंडनहून आली, आणि गाडी गेली तेव्हा तिच्यासोबतचे सगळे ज्ञानही गेले. यशवंतरावांचा दोष मी मानतो तो इथे. अशी उत्तम गाडी पाहण्याची नजर त्यांना होती, पण ती बनवणारा एखादा जाणता आणून इंदुरात वसवावा, असे झाले नाही. अहिल्याबाईंनी विणकरांच्या बाबतीत नेमके तेच केले होते.

परक्या देशातले यंत्र आपल्याकडे रुजूच शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने नगरकडे पाहावे. 1972 साली कायनेटिकची लुना आली, ती आमच्या नगरच्या कारखान्यातून. तिचा आराखडा इटलीच्या पियाजिओच्या मोपेडवरून घेतलेला. पण त्या कारखान्याने नगरला फिटर, टर्नर, टूलरूमची माणसे दिली आणि गावोगावच्या गॅरेजवाल्यांना लुना डोळे मिटून खोलता-जोडता येऊ लागली. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथेच आहे. रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चासीवरची चिलखती गाडीही उभी आहे. ऐषारामी गाडीचा सांगाडा युद्धाला कसा जुंपला गेला ते तिथे हाताच्या अंतरावरून दिसते. गाड्यांची समज या जिल्ह्याच्या अंगात आहे.

म्हणून जुन्या वाहनांच्या जतनाकडे श्रीमंतांचा छंद म्हणून पाहणे आपण सोडले पाहिजे. पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्याचे संरक्षण शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना. 1936 ची गाडी त्यात 2036 पर्यंत बसत नाही. 2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा क्रमांक आणला. वाहन मूळ स्वरूपात हवे, ही त्यातली मुख्य अट. ती पाळायची तर पत्रा हाताने ठोकून वळवणारा, कार्ब्युरेटर उघडून बसणारा, न मिळणारा भाग लेथवर काढून देणारा कारागीर हवा. आज हे लोक साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखाली पोरे नाहीत. नगरच्या आयटीआयमध्ये या कामाचा एक वर्ग सुरू करावा आणि या म्हाताऱ्या मिस्त्रींनाच मानधन देऊन तिथे शिकवायला बोलवावे. सरावासाठी ड्यूसनबर्ग शोधत जायला नको. नियम दुचाकींनाही लागू आहे, आणि नगरच्या पहिल्या लुनांनी 2022 मध्येच पन्नाशी गाठली आहे.